फुकटचा मान

आंबिवली,
१८ जानेवारी २०२६

चि. प्रियांका हीस,
जगन आजोबांचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र डिसेंबरातच आलं होतं. रोज म्हणायचो, आज लिहू. मग कधी डोळ्याला पाणी यायचं, कधी पेन चालायचं नाही. खरं सांगायचं तर काय लिहावं तेच सुचत नव्हतं. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि निम्मं भलतंच ऐकू येतं, म्हणून तू वर्तकनगरहून माझ्यासाठी हाताने पत्र लिहितेस. एवढं आता कोण कोणासाठी करतं? माझा धाकटा भाऊ आज असता तर नातीकडे बघून त्याची छाती भरून आली असती.

आरक्षणावरचा तुझा सिनेमा पुरा झाला, हे वाचून बरं वाटलं. पण पुढचं वाचून झोप उडाली. सेन्सॉरच्या कमिटीने तो बघितला आणि माझ्या बोलण्यातल्या एका जागी आवाज बंद करायला सांगितला. तसं केलं नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर थेटरात दाखवता येणार नाही. आणि तू मला विचारतेस, आजोबा, काय करू?

बाळा, बंद करून टाक. 'सरकारचा जावई' एवढे दोनच शब्द आहेत. ते लोकांनी मला म्हटले होते, मी कोणाला म्हटलेले नाहीत. तरी कमिटीला वाटतं की त्याने आपल्याच समाजाचा अपमान होतो, तर वाटू दे. शिकलेली माणसं आहेत. एक तासाच्या सिनेमात दोन शब्दांनी काय होतं?

माझीही बाजू बघ. महेंद्र सरकारी नोकरीत आहे. उद्या त्याच्या साहेबाने विचारलं, तुझा बाप सिनेमात काय बोलतो, तर? आमच्या बिल्डिंगीत सगळ्या जातीचे लोक आहेत, सगळे चांगले आहेत. गणपतीची वर्गणीही आम्ही देतो. उगाच कोणाच्या मनात काही यायला नको. माझा बीपी परवा वाढला होता. तुझी भीमा आजी म्हणते, तुम्ही बोललातच कशाला. ती आधी म्हणत होती, बोला, पोरीला मदत होईल. आता असं म्हणते.

आणखी एक. तो तुझा कॅमेरावाला दिपेश, माजिवड्याचा, गुणी मुलगा आहे. आपल्याकडे जेवला तेव्हा स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवलं. त्याने सिनेमा घरी नेऊन दाखवला आहे का? दाखवला नसेल तर दाखवू नको म्हणावं. उगाच विचारतो.

अक्षर वाईट आहे, समजून घे.

तुझा,
जगन आजोबा

*

वर्तकनगर, ठाणे
२९ जानेवारी २०२६

प्रिय आजोबा,
जय भीम. भीमा आजीला नमस्कार.

उशिराची माफी कसली मागता? तुमचं पत्र आलं हेच खूप झालं. आमच्या पोस्टमनकाकांनी विचारलं, "अजून पत्र लिहिणारं कोण आहे हो?" मी म्हटलं, माझे आजोबा.

पण आजोबा, खरं बोलू? तुमचं पत्र वाचून मी हिरमुसले. मला वाटलेलं, तुम्ही म्हणाल, ठेव. तुम्ही महेंद्रकाकांचं, बिल्डिंगीचं, बीपीचं लिहिलंत. म्हणजे तुम्ही घाबरलात. मी समजू शकते. पण ज्या माणसाने कॅमेऱ्यासमोर सगळं न थांबता सांगितलं, तो हाच का, असं वाटलं.

तुम्ही म्हणता, दोन शब्दांनी काय होतं. मी करून बघितलं, काय होतं ते.

तुम्ही सांगितलंत ते असं. अठ्ठ्याऐंशी साल. तुम्ही पाण्याच्या खात्यात चावीवाले, रस्त्यावरचे वॉल्व्ह फिरवून वस्त्यांना पाणी सोडणारे. राखीव जागेतून तुम्हाला बढती मिळाली, मुकादम झालात. तेव्हा अधिक महिना चालू होता. लोक त्या महिन्यात जावयाला घरी बोलावतात, पाटावर बसवतात, ताटात अनारसे घालून वाण देतात. आपल्यात ते पाळत नाहीत, म्हणून तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही ऑफिसात गेलात तर पाट मांडलेला, भोवती रांगोळी. तुम्हाला बसवलं, टिळा लावला, एकाने अनारशांचं ताट पुढे धरलं. तुम्हाला वाटलं, बढतीचा सत्कार आहे. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "मी सगळ्यांचा आभारी आहे." तेव्हा ताटवाला म्हणाला, "आमचे कसले आभार? तू तर सरकारचा जावई!" आणि सगळे हसले.

आता यातले दोन शब्द बंद करा. उरतं काय? पाट, रांगोळी, अनारसे, तुमचे आभार, आणि हसणारी माणसं. ती बंद केलेली कॉपी मी माझ्या तीन-चार मैत्रिणींना दाखवली. करिश्मा म्हणाली, "सो स्वीट यार, ऑफिसने काय मस्त सत्कार केलाय आजोबांचा. पण मग ते रडतायत का?" दुसरी म्हणाली, "आनंदाने असेल गं."

आजोबा, मी त्या क्षणी ठरवलं की फेरतपासणीचा अर्ज करायचा. कमिटीतली माणसं वाईट नाहीत. एक मॅडम तर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बेटा, तुमच्याच लोकांना वाईट वाटू नये म्हणून सांगतो आम्ही." मी त्यांना म्हटलं, वाईट वाटून झालंय मॅडम, अठ्ठ्याऐंशी सालीच. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तसं अर्जात लिही.

अर्जासोबत तुमचं पत्र लागेल. हे शब्द माझ्याबद्दल बोलले गेले, ते राहू द्यावेत, एवढंच. तुम्ही द्याल ना?

दिपेशबद्दल का विचारलंत ते कळलं नाही. तो तर तुमचा फॅन आहे. सारखा म्हणतो, "आजोबा काय बोलतात ना, एक नंबर."

तुमची,
प्रियांका

*

आंबिवली,
१४ फेब्रुवारी २०२६

चि. प्रियांका,
जय भीम, आशीर्वाद.

तू मला घाबरट म्हणालीस. शब्द तो वापरला नाहीस, पण म्हणालीस. मी घाबरट आहेच. गॅस बंद केला का हे बघायला मी जिन्यावरून परत वर येतो, हे सगळ्या बिल्डिंगीला माहीत आहे. पण या वेळी कारण वेगळं आहे. ते लिहिणार नव्हतो. भीमा म्हणाली, पोरीला खोटं कारण देऊन तिच्या नजरेतून उतरण्यापेक्षा खरं सांगा. म्हणून लिहितो. वाचून झालं की तुझ्यापाशीच ठेव.

माझ्यापुढे ताट धरणारा होता त्याचं नाव भिवा. माजिवड्याचा. तोही चावीवालाच, नोकरीत माझ्या आधीचा. आपली पाळी आहे असं त्याला वाटत होतं. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. मी कॅमेऱ्यासमोर त्याचं नाव घेतलं नाही, एक जण असं म्हटलं.

शूटिंग झालं. मग जेवायला बसलो तेव्हा मी दिपेशला सहज विचारलं, माजिवड्यात कोणाचा रे तू? तो म्हणाला, "भिवाचा नातू. आमचे आजोबा पण पाणीखात्यात होते, तुम्ही ओळखत असाल." माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी म्हटलं, नाव ऐकल्यासारखं वाटतं.

पोरगं आजाबद्दल किती कौतुकाने बोलत होतं. आजोबांनी पोहायला शिकवलं, पहिला कॅमेरा आजोबांनी घेऊन दिला. आणि हे सांगत असताना त्याच्याच कॅमेऱ्यात त्याचा आजा ताट धरून उभा होता. त्याला ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

उद्या ते शब्द राहिले की लोक विचारणार, कोण म्हणालं? ऑफिसातली जुनी माणसं अजून आहेत, त्यातला एखादा नाव सांगेल. मग त्या पोराच्या मनातून त्याचा आजा उतरेल. मला काय मिळणार त्यात? माझं व्हायचं ते झालं.

भिवाचंही खरं ते लिहितो. त्या दिवसानंतर तो माझ्या हाताखाली अकरा वर्षं राबला. मी सांगितलं आणि त्याने पाणी सोडलं नाही, असं एकदाही झालं नाही. त्याने कधी माफीही मागितली नाही. आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. त्याच्या निरोपाच्या दिवशी मीच त्याला हार घातला. त्याने मान खाली घातली, हार घ्यायला घातली की कशाला, ते मला कळलं नाही.

तेव्हा बाळा, आवाज बंद होत असेल तर होऊ दे. तुझ्या मैत्रिणींना सत्कार वाटला तर वाटू दे. तुला माझं पत्र हवं आहे. मी ते लिहून सोबत घातलं आहे, कारण तू मागितलंस आणि तुझ्या कष्टाला मी नाही कसं म्हणू. पण ते देऊ नकोस, अशी विनंती आहे. दोन्ही तुझ्या हातात दिलं. माझी मती चालत नाही.

तू माझं ऐकायला आंबिवलीला आलीस, चार-चार तास बसलीस. आमच्या घरात हे कोणी कधी विचारलं नव्हतं, महेंद्रनेही नाही. ते उपकार मी विसरणार नाही.

जगन आजोबा

*

वर्तकनगर, ठाणे
२६ एप्रिल २०२६

प्रिय आजोबा,
जय भीम.

या वेळी उशीर माझ्याकडून झाला. तुमची चिंता वाढली असेल, सॉरी. पण लिहिण्यासारखं काही नक्की होईपर्यंत लिहायचं नाही, असं ठरवलेलं. आता सांगते. आधी पाणी प्या.

तुमचं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. दिपेशला एक शब्द सांगितला नाही. त्याच्याशी बोलताना माझाच चेहरा पडायचा. तो विचारायचा, "काय गं, माझ्यावर कशाला चिडलीस?" तुमचं कमिटीसाठीचं पत्रही मी ड्रॉवरमध्येच ठेवलं. शब्द बंद करून टाकू, असं ठरवूनही टाकलेलं. अर्ज करायची मुदत संपत आलेली.

आणि त्याच आठवड्यात दिपेशने घरी सिनेमा दाखवला. त्याच्या आजोबांना त्याचं प्रत्येक काम मोठ्या टीव्हीवर बघायचं असतं. त्याच्याकडे होती ती आवाज बंद केलेली कॉपी. पुढचं दिपेशने सांगितलं तसं लिहिते.

हॉलमध्ये सगळे बसलेले. तुम्ही पडद्यावर आलात तशा आवडाबाई, म्हणजे दिपेशची आजी, म्हणाल्या, "अगो, यो तर जगन. केस सगले गेले त्याचे." भिवा आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग तुमचा किस्सा आला. पाट, रांगोळी, अनारसे. तुम्ही म्हणालात, मी सगळ्यांचा आभारी आहे. मग ताटवाल्याच्या बोलण्यात दोन शब्द गेले, आणि नंतर तुमचे डोळे.

आवडाबाई एकदम खूश. म्हणाल्या, "ते अनारसे मीच तललेले. हे बोल्ले, जगन मुकादम झाला, सत्कार हाय. मी रातभर बसलेली. बघ रे दिपेश, तुझ्या आजाने परजातीच्या मानसाचा कसा मान केला. तवा कोन करत होता?" दिपेशची आई म्हणाली, "बाबा, तुम्ही हे कधी सांगितलंच नाही." आणि दिपेश, आपला येडा, उठून आजोबांच्या पाया पडला.

भिवा आजोबा म्हणाले, "मधी आवाज कुठं गेला?"

दिपेश म्हणाला, "ते सेन्सॉरने बंद करायला सांगितलं. काहीतरी शब्द होता."

"काय शब्द?"

"जाऊ द्या ना आजोबा, शिवी टाईप आहे."

"मना विचार काय शब्द," ते म्हणाले. "मी बोल्लेलो तो." आणि त्यांनी तो बोलून दाखवला. त्याच सुरात, दिपेश म्हणतो. जसा तेव्हा बोलले असतील, अगदी तसाच.

आवडाबाई उठून आत गेल्या. दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत, फक्त एकदा म्हणाल्या, "माझ्या हातचे अनारसे कशाला न्हेलेस? इकत घ्यायचे होते."

दिपेशने विचारलं, "आजोबा, मग गप्प बसायचं ना. आवाज बंदच होता, कोणाला कळलं असतं?"

ते म्हणाले, "तू पाया पडलास. मना यो फुकटचा मान नको."

तिसऱ्या दिवशी दिपेश माझ्याकडे आला. सगळं सांगितलं आणि म्हणाला, "तुला माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. मग आम्ही तळ्याकाठी, तलावपाळीच्या कठड्यावर जाऊन बसलो. तो म्हणाला, "आजोबा मनातून उतरलेत का, मलाच कळत नाहीये. पण बंद करून ठेवलं असतंस तर मी आयुष्यभर चुकीच्या गोष्टीसाठी पाया पडलो असतो." आणि खिशातून कागद काढला. भिवा आजोबांनी त्याला सांगून लिहून घेतलेला, खाली अंगठ्याएवढ्या मोठ्या अक्षरात सही. मजकूर एवढाच: 'हे शब्द मी बोललो आहे. जगनने खोटं काही सांगितलेलं नाही. ते बंद केले तर मी केलं ते चांगलं दिसतं. तसं दाखवू नये.'

तुम्ही दोन्ही माझ्या हातात दिलं होतंत, म्हणून मी ठरवलं. दोन पत्रं, तुमचं आणि त्यांचं, एकाखाली एक लावून दिली. दुसऱ्या कमिटीसमोर आम्हाला बोलावलं. अध्यक्षांनी भिवा आजोबांचा कागद मोठ्याने वाचला. एकाने विचारलं, "यांच्यावर काही कारवाई झाली तर?" दिपेश म्हणाला, "विचारलं मी त्यांना. ते म्हणाले, या वयात कोण नेतो मला." तेव्हा कमिटीतले दोघे हसले.

आजोबा, शब्द राहिले. सोळा वर्षांवरच्यांसाठी सर्टिफिकेट मिळालं आणि सुरुवातीला एक ओळ टाकायची, की कोणाला दुखवण्याचा हेतू नाही. टाकली. ओळ खरीच आहे.

आता एक शेवटचं. डोंबिवलीच्या एका कॉलेजला सिनेमा दाखवायचा आहे. तिथल्या सरांचा फोन आला. सिनेमा आवडला, पण म्हणतात, हॉलमध्ये सगळ्या प्रकारची मुलं असतात, आरक्षणावरून आधीच वाद होतात, तर तेवढा किस्सा वगळून दाखवाल का? सर्टिफिकेट असूनही. मी त्यांना सांगितलं, विचारून कळवते. तुमचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं होतं, आणि मी तुमच्या मनाविरुद्ध एकदा केलं. दुसऱ्यांदा नाही करणार. तुम्ही म्हणाल तसं.

तुमची,
प्रियांका

*

आंबिवली,
१० मे २०२६

चि. प्रियांका,
जय भीम आणि भरपूर आशीर्वाद.

तुझं पत्र भीमाने मला वाचून दाखवलं, कारण घाईत मला चष्मा सापडेना. मग मी स्वतः वाचलं. मग पुन्हा एकदा. महेंद्रला पण वाचायला दिलं. तो वाचून म्हणाला, "बाबा, तुम्ही हे मला कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. तो म्हणाला, "साहेबांची काळजी करू नका, मी स्वतःच त्यांना सिनेमा दाखवतो." मला त्याची पण काळजी लागली आहे, पण बरं वाटलं.

परवा भिवा येऊन गेला. तुला सांगितलं का दिपेशने? न सांगता आले दोघे. मी दार उघडलं तर समोर भिवा, काठी घेऊन. मी पहिल्यांदा ओळखलंच नाही. तो म्हणाला, "मुकादम, आत घेतोस का?" इतक्या वर्षांत त्याने मला कधी मुकादम म्हटलं नव्हतं. कामावर असताना नुसतं जगन म्हणायचा, तेही लांबून.

तासभर बसला. गुडघे, साखर, माजिवड्याची जमीन गेली आणि टॉवर आले, पोरं कशी वागतात, सगळं बोलला. आमच्या जुन्या लाइनीवरचा कुठला वॉल्व्ह उलटा फिरायचा, ते त्याला अजून आठवतं. मला नाही आठवत. मला त्याचं निम्मं ऐकू येत नव्हतं, दिपेश माझ्या कानाशी बसून मोठ्याने सांगत होता. त्या दिवसाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मीही काढलं नाही. भीमाने चहा आणला, तो प्याला. निघताना दारात म्हणाला, "कुठं दाखवनार हाय त्यो सिनेमा? मी येनार." मी म्हटलं, लोक बघतील तुझ्याकडे. तर म्हणाला, "बघू देत. माझा चष्मा जाड हाय, मना काय दिसत नाय." दिपेश हसला, मीही हसलो. ते गेल्यावर मी कितीतरी वेळ दारातच उभा होतो. भीमा म्हणाली, आत या, डास येतात.

आता कॉलेजचं.

मी चार दिवस विचार केला. आधी वाटलं, सरांचं बरोबर आहे, पोरं तापट असतात. मग वाटलं, सिनेमा तापट पोरांनीच बघायला हवा. तो किस्सा वगळून दाखवला तर भिवाचं पत्र वाया गेलं. म्हाताऱ्याने एवढं केलं ते काय वगळण्यासाठी? मला त्याचा राग नाही, तुला माहीत आहे. पण तो खरं बोलायला तयार झाला आणि मीच झाकतो, असं कसं चालेल? जे माझ्याबाबत झालं ते तसं झालं, एवढंच लोकांना कळावं. कोणाच्या विरुद्ध नाही. राखीव जागा असाव्यात की नसाव्यात, यावर पोरांनी खुशाल भांडावं. मुकादमकी मिळाली नसती तर मी महेंद्रला शिकवू शकलो नसतो, हे माझं मत मी सिनेमात सांगितलं आहे. त्यांचं मत त्यांनी सांगावं. पण अर्धं ऐकून भांडू नये.

तेव्हा सरांना नम्रपणे कळव की सिनेमा दाखवायचा तर अख्खा. नाहीतर राहू द्या, आमचा राग नाही. असंच लिही, राग नाही हे नक्की लिही, नाहीतर त्यांना वाटेल म्हातारा चिडला. आणि हेही लिही की मी स्वतः येतो, भिवाही येईल. पोरांना जे विचारायचं ते आम्हा दोघांना विचारू देत. मला ऐकू येणार नाही, पण चिठ्ठीवर लिहून दिलं तर मी उत्तर देईन. मला भाषण येत नाही, आधीच सांगून ठेव. हॉल किती मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का? भिवाला जिना चढवणार नाही. ऊन फार असेल तर संध्याकाळचा कार्यक्रम ठेवता येतो का, तेही विचार. माझ्या गोळ्यांची वेळ सात वाजता आहे.

प्रियांका, तू मला घाबरट समजून हिरमुसलीस, ते बरं झालं. नाहीतर मी तुला खरं लिहिलं नसतं. मी तुझा फार आभारी आहे. हा शब्द मी एकदा चुकीच्या लोकांना म्हणालो होतो. या वेळी तसं झालेलं नाही.

सर काय म्हणतात, ते त्याच दिवशी कळव. नाही म्हणाले तरी कळव. पोस्ट उशिरा येते, म्हणून दिपेशच्या हाती चिठ्ठी दिलीस तरी चालेल. भिवाने परवा दिपेशला माझ्या कानाशी दोनदा विचारायला लावलं, तारीख ठरली का. मी त्याला काय सांगू? लवकर कळव.

तुझा,
जगन आजोबा